आठवीतला ओडिसियस आणि घसरलेली श्रेणी

प्रश्न : आम्ही शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. मुलगा आठवीत असून गणितात वर्गाच्या बराच पुढे आहे. या सत्रात इंग्रजी साहित्याच्या तासाला साहसकथा आणि ग्रीक पुराणकथा चालू आहेत आणि तेथे मात्र त्याची श्रेणी ‘ए’वरून ‘बी मायनस’वर आली आहे. ‘गोष्ट सांगितलीस, विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा शिक्षिकेने निबंधावर लिहिला आहे. त्याला पुढे कॉम्प्युटर सायन्स करायचे आहे. झ्यूस आणि पोसायडन यांच्या भानगडी पाठ करून त्याला काय मिळणार? नववीत ऑनर्स इंग्रजीऐवजी साधा वर्ग घ्यावा आणि वाचलेला वेळ गणिताला द्यावा, असे मला वाटते. त्याच्या आईला ते पटत नाही. आपले मत कळवावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगाची ओळ शिक्षिकेच्या शेऱ्याची आहे, आणि ती आपण जवळजवळ जाता जाता लिहिली आहे. मुलाची अडचण ग्रीक देवदेवतांची नाही. वाचलेल्या मजकुरावरून स्वतःचे विधान उभे करून त्याला मजकुरातलाच आधार देणे त्याला अजून जमत नाही, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ आहे. ही उणीव राहून गेली, तर ती कॉम्प्युटर सायन्सच्या वाटेवरही आडवी येईल. म्हणून या एका श्रेणीपायी ऑनर्सचा वर्ग सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रेणीची काळजी असेल तर हेही लक्षात घ्यावे की, हायस्कूलचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, सर्वसाधारणपणे नववीपासून मोजतात. चुकतमाकत शिकायला आठवीसारखे वर्ष पुन्हा मिळत नाही.

इलिनॉयसह अनेक राज्यांनी २०१० मध्ये स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ या शालेय शिक्षणाच्या मानकांत आठवीच्या साहित्यवाचनाकडून कशाची अपेक्षा आहे, ते शाळेकडून मागवून एकदा अवश्य वाचावे. देवांची वंशावळ पाठ करावी, असे त्यात कुठेही नाही. पात्राला जे ठाऊक आहे आणि वाचकाला जे ठाऊक आहे, त्यांतल्या फरकातून उत्कंठा किंवा विनोद कसा निर्माण होतो, तसेच आजची कथा जुन्या पुराणकथांतली सूत्रे, घटनाक्रम आणि पात्रांचे नमुने कसे वापरते, याचे विश्लेषण विद्यार्थ्याने करावे, अशी अपेक्षा आहे. त्या शिक्षिका नेमके हेच मागत आहेत.

होमर या ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात ओडिसियस युद्धावरून समुद्रमार्गे घरी परतत असतो. त्याच्या नवव्या सर्गातला पॉलिफीमस या राक्षसाचा प्रसंग घ्या, या वयाच्या वर्गांत तो हमखास वाचला जातो. ओडिसियस बारा साथीदारांसह एकाक्ष राक्षसाच्या रिकाम्या गुहेत शिरतो आणि ते सगळे तिथले चीज न विचारता खातात. चीज आणि कोकरे घेऊन पटकन निघू या, असे साथीदार विनवतात. परंतु यजमान पाहुणचाराची काय भेट देतो, हे पाहायची ओडिसियसला हौस आहे. त्या हौसेपायी सहा माणसे खाल्ली जातात. मग दारू पाजणे, आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगणे, ऑलिव्हच्या तापवलेल्या खांबाने डोळा फोडणे आणि मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून निसटणे. इथपर्यंतची गोष्ट आपल्या मुलाने निबंधात अगदी बिनचूक लिहिली असणार. निबंध खरा पुढे सुरू होतो. सुरक्षित अंतरावर पोहोचलेला ओडिसियस जहाजावरून ओरडून आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव सांगतो. त्या नावानिशी पॉलिफीमस आपल्या पित्याकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, शाप मागतो आणि घरी परतण्याची वाट दुष्कर होते. ज्या माणसाने नाव लपवून जीव वाचवला, त्याला ते नाव शेवटी का आवरले नाही?

याहून मोठी गंमत अशी की, हे सारे आपल्याला खुद्द ओडिसियसच सांगत आहे. नऊ ते बारा हे सर्ग म्हणजे फेशियन लोकांच्या दरबारात त्याने आपल्या तोंडाने केलेले कथन आहे, आणि घरी जायला जहाज त्याला याच लोकांकडून हवे आहे. ज्याला श्रोत्यांकडून काही हवे आहे, त्याच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा? पाहुण्यांना खाणारा यजमान वाईट, हे तो रंगवून सांगतो. पण आमंत्रणावाचून घरात शिरलेल्या पाहुण्याचे काय, हा प्रश्न चिजाच्या त्या एका ओळीतून वाचकाने काढायचा असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने हा प्रश्न काढावा आणि ओळींचा हवाला देऊन उत्तर मांडावे, यालाच विश्लेषण म्हणतात. ग्राहकाने दिलेल्या अहवालात काय सांगितले आहे आणि काय वगळले आहे, हे ओळखणाऱ्या अभियंत्याला वेगळे काही करावे लागत नाही.

साहसकथेला कमी लेखण्याची आपल्याकडे थोडी सवयच आहे. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. सफरचंदाच्या पिंपात बसलेल्या जिम या मुलाच्या कानांवर जहाजावरच्या बंडखोरांचा म्होरक्या सिल्व्हर याचा बंडाचा बेत पडतो, तो तिच्यातला प्रसंग वर सांगितलेल्या मानकाचा आदर्श नमुना आहे. कप्तानाला जे ठाऊक नाही ते जिमला कळले आहे, जिम तिथे आहे हे सिल्व्हरला ठाऊक नाही, आणि वाचकाला दोन्ही ठाऊक आहे. जिमही स्वतःचीच गोष्ट सांगतो आणि बेटाचा ठावठिकाणा मात्र राखून ठेवतो, कारण तिथे अजून खजिना शिल्लक आहे. मुलाने जिम आणि ओडिसियस यांना एका निबंधात समोरासमोर बसवावे, असे मी सुचवेन.

पुढच्या शिक्षणाचे म्हणाल, तर महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेच्या वाचन-लेखन विभागाचे गुण गणिताइतकेच, म्हणजे ८०० पैकी असतात. त्यातल्या छोट्या उताऱ्यांत साहित्याचेही उतारे असतात आणि कोणता पुरावा विधानाला बळकटी देतो, असे थेट विचारले जाते. ‘कॉमन अ‍ॅप’ या अनेक महाविद्यालयांच्या सामायिक प्रवेश-अर्जाचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि स्वतःविषयी लिहितानाही घडलेले सांगून न थांबता त्यातून काय दिसते, ते मांडावे लागते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजमध्ये तर १९३७ पासून चालत आलेल्या साहित्याच्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षाचे विद्यार्थी, त्यांचा मुख्य विषय कोणताही असो, होमर वाचतात. आपल्याच राज्यातल्या अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला भाषाशास्त्राची किंवा तत्त्वज्ञानाची जोड देणाऱ्या पदव्या आहेत. त्या त्याने घ्याव्यात, असे मी म्हणत नाही. परंतु गणित एका बाजूला आणि वाचन दुसऱ्या बाजूला अशी फाळणी विद्यापीठे करत नाहीत, एवढे त्यावरून दिसते.

उलट टोकाचा उत्साहही मला नको आहे. उद्या मुलगा या विषयात रमला आणि ग्रीक-लॅटिनचीच पदवी घेतो म्हणाला, तर मी त्याला जरा थांबवीन. या विषयांत प्राध्यापकांच्या जागा अगदी थोड्या असतात आणि डॉक्टरेटपर्यंतची वाट लांबची आहे. कायदा, प्रकाशन किंवा अध्यापन यांकडे जाणारी दारे तीतून उघडतात, पण आपोआप नव्हे. आज मात्र तो प्रश्न नाही. हायस्कूलमध्ये लॅटिन असेल आणि त्याला हौस असेल, तर परदेशी भाषेची अट त्यातून भागते का, ते समुपदेशकाला विचारावे.

घरी करण्याजोगे काम थोडे आहे. सारांशाची तयार टिपणे विकत आणू नयेत. आजार सारांशाचाच आहे. रात्रीच्या जेवणाला त्याला एक प्रसंग मराठीत सांगायला लावावा आणि ‘हे तुला कुठल्या ओळीवरून वाटले?’ एवढेच पुन्हा पुन्हा विचारावे. आपल्याला ग्रीक पुराणे येत नसली, तरी काही अडणार नाही. ‘ओडिसी’च्या एकविसाव्या सर्गात ओडिसियसची बायको पिनेलपी तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्यांसाठी धनुष्याचा पण लावते आणि बाण बारा कुऱ्हाडींतून पार न्यायचा असतो. सीतास्वयंवर त्याला ठाऊक असेल, तर दोन्हींतला फरक तुम्ही दोघांनी मिळून शोधावा. एकीकडे धनुष्य नवरदेव निवडते, तर दुसरीकडे वीस वर्षांनी परतलेल्या नवऱ्याची ओळख पटवते. हा फरक तो स्वतः बोलून दाखवील, त्या दिवशी त्याला लगेच लिहायला बसवावे.

पालक-शिक्षक भेटीला जाताना शेरा असलेला निबंध बरोबर न्यावा आणि पुनर्लेखनाची संधी मिळेल का, असे विचारावे. श्रेणी वाढवून मागू नये. विश्लेषण म्हणजे नेमके काय हवे, हे त्यांनी त्याच निबंधातल्या एका परिच्छेदावर दाखवून द्यावे, अशी विनंती करावी, आणि त्या वेळी मुलालाही शेजारी बसवावे.