फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरचं टेंगूळ वाढवायला काय खायला घालावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: दोन फुटी टाकी, अडीच इंचाचं पिल्लू, दुकानदाराने गळ्यात मारलेले ‘डोकं वाढवणारे’ महागडे दाणे, आणि महिना झाला तरी डोकं सपाट. दाण्यांचं नंतर बघू. आधी टाकी बदलावी लागेल.

फ्लॉवरहॉर्न हा माणसाने तयार केलेला संकरित मासा आहे. ट्रायमॅक, रेड डेव्हिल अशा मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या माशांचे संकर करून 1990च्या दशकात मलेशियात तो घडवला गेला. टेंगूळ (शौकीन मंडळी ‘कोक’ म्हणतात) या पूर्वजांच्या मोठ्या नरांनाही येतं. फ्लॉवरहॉर्नमध्ये ते निवड करकरून वाढवलंय. त्यामुळे ते किती येणार हे आईबाप, नर की मादी, आणि वय यावर ठरतं. एकाच जोडीची दोन पिल्लं, एकाच टाकीत, एकच खाणं. एकाचं डोकं फुगतं, दुसऱ्याचं तसंच राहतं. मादीचं बहुतेक वेळा लहानच असतं. अडीच इंचावर काही सांगता येत नाही, तीन-चार इंचांनंतर थोडा अंदाज येतो. दाण्यांच्या डबीवरचा फोटो हा त्या माशाच्या बापाचा पराक्रम आहे, दाण्यांचा नाही.

तुमच्या हातात पाणी आहे. मासा दहा-बारा इंचांचा होतो, आणि दोन फुटी टाकी बारा इंच रुंद असेल तर त्याला त्यात नीट वळताही येणार नाही. शिवाय तिच्यात जेमतेम 55 लिटर पाणी मावतं आणि हा मासा घाण भरपूर करतो. एका माशासाठी 48 × 18 × 18 इंचांची टाकी घ्या. पाणी सुमारे 255 लिटर, म्हणजे काच-स्टँड धरून वजन 300 किलोच्या वर जातं. खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत ठेवा. खाली खडे नकोत, किंवा अगदी पातळ थर. तो खडे उकरतो, झाडं उपटतो आणि काचेचा हीटरही फोडतो. म्हणून हीटरला जाळीचं कव्हर हवं किंवा हीटर संपमध्ये (फिल्टरसाठी ठेवलेल्या वेगळ्या टाकीत) हवा. 300 वॅटचा एक घेण्यापेक्षा 150चे दोन घ्या: एक चालूच्या अवस्थेत अडकला तरी मासा उकडून निघत नाही. तापमान 28 ते 30 अंश ठेवा.

फिल्टर तासाला टाकीतलं पाणी पाच-सहा वेळा फिरवेल असा, म्हणजे 1,300 ते 1,500 लिटरचा. इथे पैसे वाचवू नका. दुकानात ‘एक दिवस पाणी मुरू द्या, मग मासा सोडा’ असं सांगतात. त्याने पाण्यातला क्लोरिन थोडाफार उडतो, एवढंच. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. बोअरचं पाणी असेल तर जास्त जपा, कारण पीएच आठच्या आसपास असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. सुदैवाने तुमचा जुना फिल्टर महिनाभर चालू आहे. नव्या टाकीत तो नव्यासोबत आणखी दीड महिना चालू ठेवा आणि थेंबांच्या किटने दर दोन दिवसांनी तपासा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली, 20 असलं तर उत्तम.

आठवड्याला 30 टक्के पाणी बदला, नळाच्या पाण्यात आधी अँटीक्लोरिन घालून. फिल्टरचा स्पंज आणि बायो रिंग्ज (जिवाणू वसतात ती सच्छिद्र कडी) नळाखाली धुऊ नका. क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. वीज चार-पाच तास गेली तर कॅनिस्टरमधलं (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमधलं) पाणी सडतं. वीज आल्यावर ते ओतून टाका, मगच कॅनिस्टर सुरू करा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच.

खाण्याचं थोडक्यात: 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेले कुठलेही बरे दाणे, लहान असताना दिवसातून तीनदा, मोठा झाल्यावर दोनदा, दोन मिनिटांत संपेल तेवढेच. अधूनमधून सोललेली कोळंबी. जिवंत गोल्डफिश खायला घालण्याची हौस सोडा, रोग त्यांच्यातूनच येतात. मटणाचे तुकडेही नकोत, ती चरबी त्याला पचत नाही.

आलेलं टेंगूळ बसू लागलं, मासा खायचा थांबला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली किंवा डोक्यावर बारीक खड्डे पडले, तर आधी नायट्रेट मोजा आणि अर्धं पाणी बदला. बरेचदा तेवढ्याने भागतं. खड्डे वाढत असतील तर मेट्रोनिडाझोल: 40 लिटर पाण्याला 250 मिलिग्रॅम, एक दिवसाआड तीन वेळा, दर वेळी आधी पाव पाणी बदलून. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. गोळी चिठ्ठीवर मिळते, तेव्हा माशांचं कळणारा पशुवैद्य गाठा.

सोबतीला दुसरा मासा नको, पॅरट मासाही नको. आरसा दाखवल्यावर तो पर पसरून अंगावर येतो. दिवसातून पाच मिनिटं चालेल, कायम लावून ठेवला तर थकून जातो. आणि सांभाळणं जमेनासं झालं तर दुकानाला परत द्या, तळ्यात सोडू नका. इंडोनेशियातल्या मातानो सरोवरात सोडलेल्या फ्लॉवरहॉर्नांनी तिथल्या, जगात दुसरीकडे कुठेच न सापडणाऱ्या माशांना धोका निर्माण केलाय.

नवी टाकी येईपर्यंत दोन फुटीतलं पाणी दर तीन दिवसांनी एक तृतीयांश बदला आणि खाणं निम्मं करा. ते महाग दाणे फेकू नका, साधे दाणे म्हणून संपवा.