'मुंबई बुडणार' हे मोजलं कुणी?

प्रश्न : ताई, मी काळाचौकीच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. 'हवामान बदल आणि आपली मुंबई' असा प्रकल्प मुलांना दिला आहे. एका गटाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा लाल नकाशा आणला, त्यावर '2050 पर्यंत मुंबई समुद्रात' असं लिहिलंय. दुसरा गट म्हणतो, समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरच चढतो, म्हणजे तीस वर्षांत वीतभरही नाही. तिसऱ्या गटातल्या एका मुलाच्या वडिलांचं म्हणणं, शास्त्रज्ञ अनुदानासाठी घाबरवतात आणि हिमालयाच्या बाबतीत ते पकडलेही गेले होते. यातलं खरं कुणाचं मानायचं आणि मुलांना ते ओळखायला कसं शिकवायचं?
— एक शिक्षिका, काळाचौकी

उत्तर : बाई, तिसऱ्या गटापासून सुरुवात करते. त्या हिमालयाच्या प्रकरणात मी स्वतः चुकले होते.

मी माटुंग्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. 2007 साली आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, चौथा अहवाल आला. त्याच्या दुसऱ्या खंडात, आशियावरच्या प्रकरणात, एक वाक्य होतं : हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. मी ते मराठीत लिहून वाचनालयाच्या फलकावर लावलं. एवढ्या मोठ्या समितीचा अहवाल, त्यात आणखी काय तपासायचं, असं वाटलं. जानेवारी 2010 मध्ये समितीने त्या वाक्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हा कुठे मी माग काढत गेले. अहवालाने आधार घेतला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या 2005 च्या अहवालाचा. त्या अहवालाने 'न्यू सायंटिस्ट' या विज्ञान साप्ताहिकातल्या 1999 च्या एका बातमीचा. आणि ती बातमी उभी होती एका शास्त्रज्ञाने दिलेल्या मुलाखतीवर. मागे मागे जाऊनही हिमनदीवर जाऊन केलेली मोजणी काही सापडली नाही. तीन नामांकित ठिकाणी छापून आलेली गोष्ट, पण मूळ एकच, आणि तेही कच्चं.

फलकावरचा कागद काढून त्याच जागी मी खुलासा लावला. पण 2008 ची मुलं तोवर पास होऊन गेली होती. त्यांच्यापर्यंत तो खुलासा पोचला नसणार, याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हा त्या वडिलांना सांगा, चूक झाली होती हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ती पकडली हिमनद्यांचाच अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, आणि समितीने ती लपवली नाही. हिमालयातल्या हिमनद्या वितळत आहेत, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. चुकलं होतं ते साल. मी तर पुढे मुलांना सांगायची, एखाद्या संस्थेवर किती विसंबायचं हे ठरवताना तिच्या दुरुस्त्या आधी वाचा. जिथे एकही दुरुस्ती कधी छापली जात नाही, तिथे मला जास्त धास्ती वाटते.

आता तो लाल नकाशा. तो खोटा नाही, पण त्याच्यावर लिहिलेलं वाक्य त्याचं नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञान नियतकालिकात 'क्लायमेट सेंट्रल' या अमेरिकी संस्थेतल्या दोन संशोधकांचा निबंध आला. जमिनीच्या उंचीचे जे आकडे जगभर वापरले जात, ते फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेले होते. रडारला इमारतीचं छप्पर आणि झाडाचा शेंडाही जमीनच वाटते. लालबाग-परळसारख्या वस्तीत याने केवढा फरक पडत असेल, हे तुमची मुलं खिडकीतून बघूनच सांगतील. संशोधकांनी तो फुगवटा संगणकाच्या मदतीने काढून टाकला, तर किनाऱ्यावरच्या पुष्कळ जमिनी समजत होतो त्याहून सखल निघाल्या. नकाशातला लाल भाग म्हणजे 2050 साली सरासरी वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखालची जमीन. कायमची समुद्रात गेलेली नव्हे. शिवाय समुद्रभिंती, बांध वगैरे हिशेबात धरलेले नाहीत, हेही निबंधातच लिहिलंय. पुढे पाठवता पाठवता 'वर्षातून एकदा' हे शब्द गळाले आणि 'बुडणार' तेवढं उरलं.

दुसऱ्या गटाचा आकडा बरोबर आहे, गुणाकार मात्र फसवा आहे. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालानुसार जगाची सरासरी समुद्रपातळी 1901 ते 1971 या काळात वर्षाला 1.3 मिलिमीटर वाढत होती, 2006 ते 2018 मध्ये 3.7 मिलिमीटर. वेगच वाढतोय, मग आजचा वेग तीसने गुणून कसं चालेल? आणि दादर-परळच्या सखल हिंदमाता भागात पाणी सरासरीमुळे तुंबत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्र आत घेत नाही, म्हणून तुंबतं. समुद्र थोडा जरी वर आला, तरी अशी गाठ जास्त वेळा पडणार. हे त्या मुलांना कुठल्याही निबंधापेक्षा चांगलं कळेल, त्यांनी त्या पाण्यातून शाळा गाठली आहे.

मुलांकडून मूळ निबंध उघडून घ्या. 'नेचर कम्युनिकेशन्स' फुकट वाचता येतं. इंग्रजी जड जाईल, जाऊ द्या. आकडा कुणी, कुठे, कोणत्या काळात मोजला एवढं शोधायला लावा, आणि निबंधाच्या वरती 'दुरुस्ती' किंवा 'मागे घेतला' असा शेरा आहे का ते बघायला. पैसा कुणी दिला हेही पाहावं, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये. एक्झॉन या तेलकंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीचे जे अंदाज बांधले, ते बहुतांशी अचूक निघाले. कंपनी बाहेर मात्र वेगळंच बोलत राहिली. पैसे भरा आणि आठवड्यात निबंध छापून घ्या, असं सांगणारी 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकं माझ्या टेबलावर खूप यायची. नाव बघून फसू नका.

पावसाच्या बाबतीत जास्त जपा. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. मुलांच्या वहीत याचं 'मुंबईचा पाऊस तिप्पट झाला' व्हायला वेळ लागत नाही. त्याच अभ्यासात तिथला एकूण मोसमी पाऊस घटत गेल्याचंही आहे.

आणि एक गृहपाठ माझ्याकडून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम 74. दोन्ही आकडे हवामान खात्याचे, दोन्ही खरे. 'त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला?' हा प्रश्न तिन्ही गटांना द्या, आणि त्यांची उत्तरं मला पाठवा. सगळी वाचेन.