माफी द्या, सही मात्र सावकाश

“मी नगरची, वय ५४. आई गेल्यापासून सहा वर्षं भाऊ घराच्या खोल्यांचं भाडं एकटाच खातोय. विचारलं तर ‘तुझा इथे काय संबंध?’ म्हणाला. तेव्हापासून अबोला. आता त्याला अर्धांगवायू झालाय. वहिनीचा निरोप आलाय, ‘ख्रिस्ती म्हणवता ना? माफ करा आणि हक्कसोडपत्रावर सही करा.’ प्रभूच्या प्रार्थनेत माफीच्या ओळीशी माझा आवाज बसतो. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर-द्राक्षारस वाटण्याआधीच, मी चर्चमधून उठून घरी येते. काय करू?”

ताई,

वहिनींनी दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात. माफी ही एक आणि सही ही दुसरी.

तुमचा आवाज बसतो ती ओळ आठवा: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ ऋण! सोडायचं तर ते होतं हे आधी मान्य करावं लागतं. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातल्या निर्दय चाकराच्या दाखल्यात धन्यानं त्याला दहा हजार तालांत, म्हणजे अफाट रक्कम, सोडली, आणि हा शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. उपदेशात हे शंभर दिनार किरकोळ म्हणून उडवून लावतात. पण दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. तीन महिन्यांहून जास्त कमाई झाली की हो! येशूनं तुमचं नुकसान शून्य धरलेलं नाही. त्याच अध्यायात तो असंही सांगतो की भावाचा अपराध त्याला एकांतात जाऊन दाखव. वहिनीमार्फत निरोप धाडा असं नाही सांगत.

ओडिशातल्या मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांनी १९९९ साली नवऱ्याला आणि दोन मुलग्यांना जाळणाऱ्यांना माफ केलं. खटला मात्र चालला, शिक्षाही झाली. तुमचं प्रकरण तर भाड्याचं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. उद्या स्वखुशीनं सोडावासा वाटला तर जरूर सोडा, पण वकिलाला कागद दाखवून.

राग एका भेटीत जाणार नाही. माझ्या एका जावेवरचा माझा राग जायला अकरा वर्षं लागली, आणि अजूनही लग्नकार्यात ती समोर आली की थोडा उरलाय असं वाटतं. म्हणून राग जायची वाट बघत थांबू नका.

या रविवारी प्रभुभोजन घ्या आणि तिथूनच भावाकडे जा. त्याला पातळ काही चालत असेल तर मटणाचा रस्सा डब्यात न्या, आई करायची तसा. वहिनींनी कागद पुढे केला तर म्हणा, “आज भावाला बघायला आलेय.”