कुंपण नको, फाटक बघ

प्रिय मित्रा,

उत्तर कोरियातल्या विशेष आर्थिक क्षेत्रांवरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर ‘निर्बंधांमुळे ही क्षेत्रं उभी राहिली नाहीत’ असं लिहून तू मोकळा झालास. जरा तारखा लावून बघ. रासोन, म्हणजे ईशान्य टोकाचं त्यांचं पहिलं असं क्षेत्र, जाहीर झालं डिसेंबर 1991 मध्ये. अणुचाचणीवरून संयुक्त राष्ट्रांनी पहिले निर्बंध लादले ऑक्टोबर 2006 मध्ये. अमेरिकेचे निर्बंध आधीपासून होते, पण चिनी व्यापाऱ्याला ते अडवत नव्हते. मग मधली पंधरा वर्षं काय झालं? चीन आणि रशिया दोघांची हद्द शेजारी, हिवाळ्यात न गोठणारं राजिन बंदर, करात सूट; कागदावर काही कमी नव्हतं.

आपल्याकडे सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हटलं की जमीन आठवते, रायगडचे शेतकरी आठवतात. उत्तर कोरियात जमीन सरकारचीच, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. तिथलं धोरण मच्छरदाणीचं आहे: वारा आत यावा, डास बाहेर राहावेत. डॉलर हवेत, फोन, बातम्या आणि परक्यांच्या सवयी नकोत. कारखान्याला मात्र नेमकी माणसं, माल आणि निरोप यांचीच ये-जा लागते.

हे समजायला केसाँग, म्हणजे सीमेलगत उत्तरेच्या हद्दीत दक्षिण कोरियाच्या कंपन्यांनी चालवलेलं औद्योगिक क्षेत्र, नीट बघ, कारण तिथे बाकी सगळं जमून आलं होतं. भांडवल दक्षिणेचं, वीजही दक्षिणेतून ओढलेली, सोल जेमतेम तासाभरावर, आणि मालक-मजूर दोघांची भाषा एक. डिसेंबर 2004 मध्ये पहिला माल बाहेर पडला, तो म्हणजे स्वयंपाकाची भांडी. पुढे सव्वाशेच्या आसपास कारखाने आणि पन्नास हजारांहून जास्त मजूर झाले. तरीही कारखानदारांची तक्रार शेवटपर्यंत तीच राहिली. तिला ते ‘तीन थोंग’ म्हणत: थोंगहेंग, थोंगशिन, थोंगग्वान. म्हणजे ये-जा, संपर्क आणि जकात. कोण येणार, कुठली गाडी, किती वाजता, हे तीन दिवस आधी कळवायचं. ठरलेली वेळ हुकली की परतायचं. इंटरनेट नाही, मोबाइल नाही. जकातीत नमुना तपासणी नाही, सगळाच माल उघडायचा. शिलाईच्या धंद्यात रंगाची एक छटा चुकली तर फोटो पाठवून दहा मिनिटांत निकाल लागतो. इथे त्यासाठी माणूस पाठवावा लागे. स्वस्त मजुरीतली बचत अशी फाटकावर झिरपून जाते.

आता पगार. सुरुवातीचं किमान वेतन महिना 50 डॉलर, त्यावर 15 टक्के सामाजिक विमा. म्हणजे मालकाला पडत साडेसत्तावन्न. वेतनवाढीला वर्षाला 5 टक्क्यांची मर्यादा. पण पैसे मजुराच्या हातात जात नसत. डॉलर उत्तरेच्या सरकारी कार्यालयात जमा व्हायचे आणि मजुराला मिळायचे वॉन, म्हणजे तिथलं चलन, आणि कूपन. भरतीही तेच कार्यालय करी. चांगल्या कारागिराला दोन पैसे जास्त द्यायचे तर मालकाला वाटच नाही. म्हणून चोको पाय, म्हणजे दक्षिणेतले चॉकलेटचे केक, वाटले जाऊ लागले! ओव्हरटाइमला दोन जास्त. ते न खाता बाहेर विकले जायचे, आणि 2014 मध्ये उत्तरेने ते बंद करायला लावले. तुझ्या तक्त्यात ‘मजुरी’ असा एकच रकाना आहे. त्याचे दोन कर: मालकाने किती दिले, आणि मजुराच्या हाती काय पडलं.

फाटक कोणाच्या हाती, हेही लिही. 3 एप्रिल 2013 ला उत्तरेने प्रवेश रोखला, आठवडाभरात मजूर काढून घेतले. काम पुन्हा सुरू झालं 16 सप्टेंबरला. पुढे 10 फेब्रुवारी 2016 ला दक्षिणेने बंदची घोषणा केली, दुसऱ्याच दिवशी उत्तरेने सगळ्यांना बाहेर काढून मालमत्ता गोठवली. तयार माल आतच राहिला. म्हणजे कुलूप दोघांनीही लावलं. एकट्या उत्तरेला दोष देऊ नकोस.

माणसांची खात्री हा आणखी एक मुद्दा. चीनच्या सीमेवरच्या सिनुइजू क्षेत्राच्या प्रशासकपदी सप्टेंबर 2002 मध्ये यांग बिन हा चिनी वंशाचा उद्योजक नेमला गेला आणि काही दिवसांतच चीनने त्याला ताब्यात घेतलं. बीजिंगला आधी विचारलंच नव्हतं. चीनशी व्यवहार सांभाळणाऱ्या, किम जोंग-उनच्या आत्याचा नवरा असलेल्या जांग सोंग-थेकला डिसेंबर 2013 मध्ये मृत्युदंड झाला, आणि आरोपांत रासोनची जमीन पन्नास वर्षांसाठी परक्यांना विकल्याचाही आरोप होता. ज्या सहीवर करार झाला तीच देशद्रोह ठरली, तर पुढचा अधिकारी सही करेल का? त्याच्या आधल्याच महिन्यात तेरा नवी क्षेत्रं जाहीर झाली होती, हे विशेष.

‘शेन्झेनसारखं करायला हवं होतं’ हे वाक्य काढून टाक, किंवा पुरतं लिही. चीनच्या शेन्झेन या विशेष क्षेत्रालाही तारेचं कुंपण होतं, सुमारे 85 किलोमीटर, आणि आत जायला चिन्यांनाही परवाना लागे. फरक असा की पलीकडे हाँगकाँग होतं, तिथले कारखानदार रोज ये-जा करू शकत, आणि आतली पद्धत जमली तर पुढे बाहेरही लागू करायचा विचार होता.

निर्बंधांचं कलम शेवटी घे आणि तिथे मात्र कठोर हो. संयुक्त राष्ट्रांच्या सप्टेंबर 2017 च्या ठराव 2375 ने कापड-कपड्यांची निर्यात आणि संयुक्त उपक्रम बंद केले. डिसेंबरच्या 2397 ने यंत्रसामग्री आत नेणंही. त्यानंतर फाटक उघडं असतं तरी शिलाई मशीन आत नेता आलं नसतं. राजिनमार्गे जाणाऱ्या रशियन कोळशाला तेवढी सूट ठेवली आहे, ती तुझ्या मसुद्यात राहून गेली.

तक्ता दुरुस्त करून पाठव, मग बंदराच्या भागाकडे वळू.

तुझा,
मार्गदर्शक