खिडकीखालची ओल सिलिकॉनने का थांबत नाही?

ऑकलंडमधल्या आपल्या लाकडी सांगाड्याच्या घरात खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी दर हिवाळ्यात ओल येते आणि चारही बाजूंनी सिलिकॉन भरूनही ती थांबत नाही, असे आपण लिहिले आहे. इथल्या घरदुरुस्तीच्या कामांवरच्या अनुभवावरून सांगतो: खालच्या कडेचे सिलिकॉन आधी काढून टाकावे. खिडकीच्या सांध्यांतून थोडे पाणी आत जातेच; ते खालच्या फटीतून बाहेर पडावे अशी रचना असते आणि नेमकी तीच वाट आपण बुजवली आहे.

गेल्या वर्षी अशाच एका खिडकीखालची भिंतीची बाहेरची फळी आम्ही काढली, तेव्हा तिच्यामागचा, सांगाड्यावर लावलेला पाणी अडवणारा कागद काळा पडलेला होता आणि सांगाड्याच्या उभ्या दांड्यात पेचकस हाताच्या जोराने मुठीपर्यंत गेला. बाहेरचा रंग मात्र नवाकोरा होता. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे औषधप्रक्रिया न केलेले लाकूड सांगाड्याला सर्रास वापरले गेले. त्या काळातले, विशेषतः भिंतीवर बाहेरून गिलाव्यासारखे सलग आच्छादन असलेले घर असेल, तर तपासणी टाळू नये.

आता मूळ दुरुस्ती. खिडकीच्या डोक्यावर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची वाकवलेली पट्टी हवी, तिला बाहेरच्या बाजूस किमान 15 अंशांचा उतार हवा आणि मागची उभी कड भिंतीवरच्या कागदाच्या आत जायला हवी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो. हा क्रम उलटा झाला, तर कागदावरून ओघळणारे पाणी थेट पत्र्यामागे शिरते, आणि मी पाहिलेल्या चुकांत हीच सर्वाधिक आढळते. आच्छादन नव्याने बसवायचे असल्यास त्यामागे उभ्या पट्ट्या मारून सुमारे 20 मिलिमीटरची पोकळी ठेवावी, तळाशी ती उघडी ठेवून किडामुंगी रोखणारी छिद्रांची पट्टी लावावी. पाणी निथळते, वाऱ्याने लाकूड सुकते आणि झडीच्या दाबाने पाणी आत ओढले जाणेही कमी होते. आच्छादनाची खालची कड बाहेरच्या फरशीपासून 100 आणि मातीपासून 175 मिलिमीटर वर असावी, नाहीतर वाफ्यातली माती हळूहळू वर चढते (बागेची हौस असणाऱ्यांकडे हमखास).

फळ्या परत लावण्यापूर्वी ओलावामापकाने दांडे तपासावेत. 20 टक्क्यांवरची ओल टिकून असेल तर आधी सुकवणे, सडलेला भाग बदलणे आणि मगच आच्छादन. मोठा भाग बदलावा लागणार असेल, तर काम सुरू करण्याआधी परवानगीविषयी कौन्सिलकडे (इथल्या नगरपालिकेकडे) विचारणा करावी.