तीस-चाळीस वर्षं जुना दाढीचा साबण वापरता येतो का? जुना झाला की बिघडतो का?

वापरता येतो. मी वापरतो. ज्यांना हे पटत नाही त्यांत आमचे दाजी पहिले, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आमचे अण्णा सोलापूरच्या नरसिंग गिरजी मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. दाढीच्या बाबतीत हट्टी माणूस. गोल वडी, वाटी आणि ब्रश, बस्स. स्वस्तात दिसल्या की वड्या डझनाने आणून ठेवायचे. ते गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली, तर ‘संचार’ दैनिकाच्या कागदात गुंडाळलेल्या वड्या निघाल्या. कागद ऐंशीच्या दशकातला, हात लावला की तुकडे. वड्यांवर पांढरट भुकटी, कडेने बारीक चिरा. चाकूने वरचा पापुद्रा खरवडला तर आत मलईच्या रंगाची, गुळगुळीत वडी.

दाजींचं मेडिकलचं दुकान. त्यांना प्रत्येक वस्तूवर आधी एक्स्पायरी दिसते. “टाकून दे बे ते, तोंड सुजंल.” मी ऐकत नाही म्हटल्यावर एक वडी स्वतःच घेऊन गेले, जुळे सोलापुरातल्या घरी ब्रश फिरवला आणि संध्याकाळी फोनवर निकाल दिला, “मेलाय तुझा साबण. फेसच येत नाही.”

फेस येईल कसा? त्यांच्याकडे बोअरचं पाणी. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्यासाठी जपायचं आणि बाकी सगळं बोअरवर, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि फेसाऐवजी चिकट साका बसतो. काल विकत आणलेला साबणही तिथे मान टाकेल.

भाऊबिजेला गेलो तो फिल्टरच्या पाण्याची बाटली घेऊनच. वडीवर चमचाभर कोमट पाणी घातलं आणि ताईचे पोहे फोडणीला पडेपर्यंत तशीच ठेवली. मग ब्रश पिळून घेतला आणि फिरवायला लागलो. सुरुवातीला मोठमोठे, पाणचट बुडबुडे आले. दाजी हसले. मी थेंब थेंब पाणी देत फिरवतच राहिलो. हळूहळू बुडबुडे मिटले, चकाकी आली आणि फेसावर ब्रशच्या रेघा उमटायला लागल्या. तिथेच आरशासमोर दाढी केली. दाजी म्हणाले, “पाण्याचा काय संबंध?” आता यावर काय बोलणार!

तर तुमचा प्रश्न. घट्ट दाबून केलेल्या वडीत पाणी नावालाच असतं आणि तिचा आधार असतो स्टिअरिक आम्ल. ते संपृक्त असल्यामुळे हवेने सहसा बिघडत नाही. शिवाय साबण अल्कधर्मी, त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. जातो तो वास. लिंबू, लव्हेंडर आधी उडतात, चंदन-वाळा चिवट. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत वास काय राहणार? माझ्या वड्यांना आता नुसता साबणाचा वास येतो, मला चालतो. बिघाड ओळखायचा तो नाकाने. जुन्या तेलासारखा खवट दर्प आला किंवा नारिंगी डाग दिसले, तर समजा त्यातलं जास्तीचं तेल खवट झालंय. थोडं असेल तर खरवडून बघा, आतपर्यंत असेल तर कपडे धुवायला काढा. तारखेवर जाऊ नका.

हे सगळं वडीचं आणि स्टिकचं. क्रीमच्या ट्यूबमध्ये पाणी भरपूर, आतलं क्रीम फुटतं, तेल वेगळं सुटतं. जुनी ट्यूब सरळ फेका. (अण्णांचं ट्यूबविषयीचं मत इथे छापण्यासारखं नाही.) ऑनलाइन ओल्ड स्पाइसचे जहाजाच्या चित्राचे जुने मग विकायला असतात, शुल्टन कंपनीच्या काळातले. १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने तो ब्रँड घेतला, त्याआधीचा माल म्हणून लोक वाटेल ती किंमत लावतात. तो मग आवडला तर घ्या, आतल्या साबणासाठी एवढे पैसे घालू नका.

चरबीचं राहिलं. परदेशी जुन्या साबणांत बहुतेक प्राण्यांची चरबी असते. लेबलवर ‘टॅलो’ किंवा ‘टॅलोएट’ दिसलं तर तेच. आपल्याकडे १९८३ मध्ये वनस्पती तुपातल्या चरबीवरून केवढा गदारोळ झाला होता, मोठ्यांना आठवत असेल. घरात चालत नसेल तर आधी बघून घ्या. त्वचा नाजूक असेल तर पहिल्यांदा हातावर लावून पाहा.

आणि साबणासोबत फार जुना ब्रश मिळाला तर तो मात्र वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांमुळे लोकांना अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग झाला होता, आणि त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. एवढं एक दाजींच्या बाजूने जातं, पण त्यांना सांगू नका.