मराठी विकिपीडियाचा दुवा पाठवला की अर्धाच निळा होतो, कधी नुसती टक्क्यांची चिन्हं दिसतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाच्या सभासदांना दर आठवड्याला वाचनाची यादी पाठवता: ईमेलने, व्हॉट्सॲपवर, आणि तीच यादी वाचनालयाच्या संकेतस्थळावरही टाकता. यादीत मराठी विकिपीडियाच्या लेखांचे दुवे असतात. काही दुव्यांचा टक्क्याच्या चिन्हांनी भरलेला लांबलचक पट्टा होतो, काही अर्धेच निळे होतात आणि काही दाबले की लेखच नाही असं पान उघडतं. कंटाळून तुम्ही विचारलंय, मग सरळ इंग्रजी लेखांचेच दुवे द्यावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, कृपा करून तसं करू नका. मराठी दुवे उत्तम चालतात. मी मराठी विकिपीडियावर लिहिते आणि एकदोन मराठी संस्थांची संकेतस्थळं सांभाळते, त्यामुळे या तक्रारी सतत कानावर येतात. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, पण प्रत्येकीवर इलाज आहे.

आधी तो टक्क्यांचा पट्टा. त्यात बिघडलेलं काहीच नाही. वेबच्या पत्त्यांचं मानक १९९४ साली ठरलं तेव्हा त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतील असा नियम होता. बाकी काहीही लिहायचं तर ते टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरी संकेत अशा रूपात लिहावं लागतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं एकक) असतं आणि एका बाइटला टक्क्यासकट तीन जागा लागतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. इथे चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळं सुटं मोजलं जातं. ‘पुणे’ची चार चिन्हं, म्हणून ३६ जागा. ‘मुंबई’च्या ४५. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाच्या ९०. ब्राउझर वरच्या पट्टीत तुम्हाला ‘महाराष्ट्र’ दाखवतो, पण सर्व्हरला (संकेतस्थळ ज्या संगणकावर असतं त्याला) पाठवतो ते टक्क्यांचं रूप, आणि तुम्ही पत्ता कॉपी केलात की बरेचदा तेच रूप हाती येतं. दोन्ही रूपं एकाच पानावर नेतात.

संगणकावरच्या क्रोममध्ये वाचता येईल असा पत्ता हवा असेल तर पट्टीतला अख्खा पत्ता निवडू नका. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ सोडून उरलेला भाग निवडून कॉपी करा, मराठी अक्षरं जशीच्या तशी येतात. मग सुरुवात हाताने टाइप करा. ती टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा. मराठी कीबोर्डवरचा विसर्ग आणि इंग्रजी अपूर्णविराम दिसायला सारखेच असतात, आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडला की दुवा मेलाच. डोळ्यांनी ही चूक सापडणं जवळपास अशक्य आहे.

आता अर्धे निळे दुवे. इथे एकच गोष्ट नीट पाहायची: निळा रंग नेमक्या कुठल्या अक्षरावर थांबतो. कारण तिथेच कळतं.

रंग पहिल्याच काना-मात्रेवर थांबत असेल, म्हणजे ‘पुणे’मधला ‘प’ निळा आणि पुढचं काळं, किंवा ‘महाराष्ट्र’मधलं ‘मह’ निळं आणि बाकी काळं, तर चूक दुवा ओळखणाऱ्या प्रोग्रामची आहे. तुम्ही नुसता पत्ता चिकटवता तेव्हा मजकुरातला कुठला भाग दुवा आहे हे प्रोग्रामला स्वतः ओळखावं लागतं. त्यासाठी बहुतेक जण ‘अक्षरं आणि आकडे जिथवर आहेत तिथवर’ अशा धर्तीचा नियम लिहितात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘प’ची नोंद अक्षर अशी आहे, पण उकाराची आणि मात्रेची नोंद जोडचिन्ह या वेगळ्या वर्गात आहे. पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेत शब्दातलं अक्षर ओळखायचा जो तयार संकेत आहे त्यात ही जोडचिन्हं बसत नाहीत. इंग्रजीवर तपासून पाहणाऱ्याला हे कधी दिसतच नाही. मला याचा मनापासून राग येतो, कारण काना-मात्रा काढून मराठी शब्द उरतच नाही, आणि आपल्या भाषेचं सगळं लेखन त्यावर उभं असताना ती चिन्हं अक्षरात मोजायची राहून जातात. अशा ॲपच्या कंपनीला जरूर कळवा. एका ओळीची दुरुस्ती असते. तोवर अशा ठिकाणी टक्क्यांचं रूप वापरा. ते कुरूप दिसतं, पण सगळं इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे अखंड निळं होतं.

रंग मोकळ्या जागेवर थांबला असेल तर पत्त्यात स्पेस राहिली आहे. विकिपीडिया शीर्षकातल्या स्पेसच्या जागी अधोरेषा (_) वापरते, तीच टाका.

रंग शेवटच्या कंसापाशी थांबत असेल तर ती फार जुनी अडचण आहे. शीर्षकापुढे कंसात ‘नदी’, ‘चित्रपट’ किंवा ‘निःसंदिग्धीकरण’ असलेले लेख पुष्कळ आहेत. लोक वाक्यात दुवा कंसात लिहितात, म्हणून अनेक प्रोग्राम शेवटचा कंस वाक्याचा समजून दुव्यातून वगळतात. पत्ता एका कंसाने तोकडा होतो आणि त्या नावाचं पान नसतं. उघडणाऱ्या कंसाऐवजी %२८ आणि बंद करणाऱ्या कंसाऐवजी %२९ लिहा, आकडे अर्थात इंग्रजी. विकिपीडिया त्याचा बरोबर कंसच वाचते. टिंबाने संपणाऱ्या शीर्षकांचंही असंच होतं: शेवटचं टिंब पूर्णविराम समजून गाळलं जातं. त्याचा संकेत %२ई, त्यातलं ‘ई’ही इंग्रजी.

रंग ओळीच्या शेवटी थांबून पुढची ओळ काळी असेल तर ईमेलने पत्ता मोडला आहे. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी जुनी शिफारस आहे, आणि काही मेल-प्रोग्राम अजून ती पाळतात. एकट्या ‘महाराष्ट्र’लाच ९० जागा लागतात हे वर पाहिलंच. पत्ता एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटच्या मधोमध तुटला तर विकिपीडियाला त्यातून अक्षरच जुळवता येत नाही आणि शीर्षक चुकीचं असल्याचा संदेश येतो. तो संदेश दिसला की लेख शोधत बसू नका, पत्त्याची शेपूट तपासा.

याच्या उलट, रंग पुढेही पसरतो तेव्हा चूक आपल्या लिहिण्याची असते. आपण शब्दाला प्रत्यय जोडूनच लिहितो, त्यामुळे पत्त्यालाही ‘वर’, ‘मध्ये’ चिकटतं. मराठी नीट ओळखणारा प्रोग्राम तो प्रत्ययही पत्त्यातच धरतो, आणि ‘पुणे’ऐवजी ‘पुणेवर’ नावाचा लेख शोधायला जातो. पत्त्यानंतर काहीही जोडू नका. दुवा स्वतंत्र ओळीवर ठेवा. त्याच्या आधी आणि नंतर मोकळी जागा हवी.

तिसरी तक्रार, लेखच नाही म्हणणारी पानं. पत्त्यात टक्क्यापाठोपाठ २५ हा आकडा पुन्हा पुन्हा दिसत असेल तर एखाद्या प्रोग्रामने आधीच संकेतात असलेला पत्ता परत संकेतात घातला आहे. २५ हा खुद्द टक्क्याच्या चिन्हाचा संकेत आहे. प्रत्येक %२५ च्या जागी नुसता % ठेवा, काम झालं.

तसं नसेल तर बहुधा पत्ता कोणीतरी हाताने टाइप केला आहे, आणि इथे मराठीची खरी गंमत आहे. जेजुरीजवळून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचं नाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक असतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. विकिपीडियाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी शीर्षकं. ‘ॲ’चंही तेच. हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देत आले आहेत, कधी मध्ये अदृश्य जोडक घालून, कधी न घालता. म्हणजे एका अक्षराचे तीन पत्ते. कोणी पुनर्निर्देशन, म्हणजे एका शीर्षकावरून दुसऱ्यावर आपोआप नेण्याची सोय, करून ठेवलं असेल तर तुम्ही योग्य जागी पोचता, नाहीतर रिकाम्या पानावर. शिवाय काही ॲप चिकटवताना तो अदृश्य जोडक काढून टाकतात, म्हणून तुमच्याकडे चालणारा दुवा सभासदाकडे चालत नाही. आकड्यांचंही लक्षात ठेवा: सालांवरच्या लेखांची शीर्षकं ‘इ.स. १९६०’ अशी देवनागरी आकड्यांत आहेत, इंग्रजी आकडे टाकले तर तो वेगळा पत्ता होतो.

यावर माझा एकच नियम आहे: पत्ता कधीही हाताने टाइप करायचा नाही. लेख उघडायचा, तो बरोबर लेख आहे हे पाहायचं आणि तिथूनच पत्ता उचलायचा.

आता तुमच्या यादीसाठी मी काय करेन ते सांगते. ईमेलमध्ये पत्ता उघडा ठेवणारच नाही. लेखाचं नाव लिहायचं, ते निवडायचं, कंट्रोल आणि के दाबायचं आणि चौकटीत पत्ता चिकटवायचा. जीमेलमध्ये, वर्डमध्ये, गूगल डॉक्समध्ये हेच चालतं. वाचणाऱ्याला ‘कऱ्हा नदी’ एवढंच निळं दिसतं आणि टक्के मागे राहतात. ‘इथे क्लिक करा’ असं लिहू नका. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरने पानावरच्या दुव्यांची यादी ऐकतात, त्यांना दहा वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकून काय कळणार? वाचनालयाने तरी एवढी काळजी घ्यायलाच हवी.

संकेतस्थळावर दुवा घालताना दोन गोष्टी तपासा. पत्त्याच्या सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ गाळलं तर ब्राउझर तो पत्ता तुमच्याच संकेतस्थळाचं एक पान समजतो, आणि दाबणारा तुमच्या नावापुढे दुसऱ्याचं नाव जोडलेल्या, अस्तित्वात नसलेल्या पानावर जातो. दुसरी गोष्ट, एचटीएमएल (वेबपान ज्या संकेतभाषेत लिहितात ती) आधी वर्डमध्ये लिहून मग चिकटवलं असेल तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली असतात. ब्राउझरला ती अवतरणं वाटत नाहीत. ती काढून सरळ घाला.

व्हॉट्सॲपवर शब्दामागे दुवा लपवण्याची सोय नाही, पत्ता उघडाच द्यावा लागतो. तिथे मी लहान पत्ता देते. विकिमीडियाची स्वतःची लघुदुव्यांची सेवा आहे, पत्ता ‘डब्ल्यू.विकी’, २०१९ पासून सुरू आहे. लेखाच्या साधनांच्या यादीतूनच ती मिळते. दुसरा मार्ग मला त्याहून आवडतो: साधनांमधल्या ‘पानाबद्दलची माहिती’त लेखाचा क्रमांक असतो. मराठी विकिपीडियाच्या मुख्य पत्त्यानंतर तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, इंग्रजीत ‘सीयूआरआयडी’ ही पाच अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि तो क्रमांक. एवढा पत्ता त्याच लेखावर नेतो. त्यात देवनागरी नसल्याने मोडायला काही उरत नाही, आणि शुद्धलेखनासाठी शीर्षक बदललं तरी क्रमांक तोच राहतो.

इतर कंपन्यांच्या लघुदुव्यांवर वाचनालयाची यादी सोपवू नका. गूगलने आपली लघुदुव्यांची सेवा बंद करणार असं २०१८ मध्ये जाहीर केलं, २०१९ पासून नवे दुवे बनणं थांबलं आणि २०२५ मध्ये न वापरलेले जुने दुवे बंद झाले. दुव्यासोबत लेखाचं पूर्ण नाव मात्र नेहमी लिहा. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या शेवटी संकेतस्थळाबरोबर संगणक संकेतांक छापलेला असतो, तो याच कामाचा: पत्ता बदलला तरी कागद शोधता येतो.

एखाद्या नव्या सभासदाला तुमचा दुवा दाबताच येत नसेल तर त्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे का ते विचारा. अनोळखी नंबरवरून आलेला दुवा व्हॉट्सॲप मुद्दाम निष्क्रिय ठेवतं. नंबर सेव्ह केला किंवा उत्तर दिलं की तो सुरू होतो.

आणि यादी सगळ्यांना जाण्याआधी ज्या सभासदाचा फोन सर्वांत जुना आहे त्याला ती पाठवा, आणि प्रत्येक दुवा दाबून पाहायला सांगा.